अक्षरं वाहणारी गाडी

मित्रांनो, मी बालवाडीची लाकडी हातगाडी. वयाने म्हणाल तर तुमच्यापेक्षा बरीच मोठी, आणि तब्येतीने म्हणाल तर जरा कुरकुरणारी. पण हसू नका हं, मला मुळाक्षरं येतात! हातात वही नाही, पेन्सिल नाही, वर्गात कधी चाक ठेवलं नाही, तरी येतात. ती कशी आली आणि त्यापायी केवढा प्रसंग घडला, तेच आज सांगायचं आहे.

माझा जन्म सुतारकाकांच्या हातून झाला. माणूस मापाचा पक्का. पण त्या दिवशी त्यांची मोजपट्टी काही केल्या सापडेना. मग त्यांनी काय करावं? अंगणात खेळणाऱ्या आपल्या नातीला बोलावून उभं केलं, तिच्या कमरेशी बोट टेकवलं आणि माझ्या दांड्याची उंची ठरवून टाकली. मी तयार झाले, थाटात बालवाडीत आले, आणि मला ओढणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची कंबर धरली. बालवाडीच्या मोठ्या बाई दहा पावलं वाकून चालल्या आणि कण्हत म्हणाल्या, "अहो काका, ही गाडी आहे की शिक्षा?"

काका डोकं खाजवत म्हणाले, "चुकलंच बाई माझं. उद्याच दांडा बदलून देतो."

पण तोपर्यंत चार चिमुरड्यांनी मला धरलं होतं आणि फाटकाबाहेर पळवलंसुद्धा होतं. दांडा त्यांना अगदी हातात बसला. तो कधीच बदलला गेला नाही, आणि त्या चुकीबद्दल मी काकांचे आजही आभार मानते.

आमच्या बालवाडीमागे दाट झाडी आहे आणि झाडीपलीकडे एक ओढा. रोज सकाळी मुलं माझ्यात सामान भरत: पाण्याच्या बाटल्या, दोरखंड, छोटी फावडी, पोचे आलेली पातेली आणि गोष्टींची पुस्तकं. पुस्तकं नेहमी सगळ्यांत वर, कारण ती भिजली तर ताईंचा चेहरा पडतो. वाट दोन जाडजूड खोडांमधून जाते, जेमतेम माझ्यापुरती. तिथे मला कधी डावीकडे खरचटतं, कधी उजवीकडे. पण एकदा का आत गेलं, की मग राज्य मुलांचं. कुणी खोडावर चढतंय, कुणी उतारावरून बसून घसरतंय. कुणी पातेल्यात चिखल ढवळून ताईंना वाढतंय, आणि ताई एक घोट घेतल्यासारखं करून म्हणतायत, "वा! मीठ जरा कमी पडलंय बरं का."

ताई म्हणजे मुलांच्या शिक्षिका. त्यांचा एक खेळ होता. झाडीत हिंडताना ज्याला अक्षरासारखी काठी सापडेल, त्याने ती माझ्याकडे आणायची. ताई ती उंच धरणार, सगळे मिळून अक्षर ओरडणार आणि काठी माझ्या पोटात जाणार. परतल्यावर त्याच काठ्यांचे अंगणात शब्द मांडायचे. सरळ काठी हा काना, तो कुणालाही मिळतो. गोल वळलेली वेल उभ्या काठीला टेकवली की व होतो. आकड्यासारखी फांदी आणि शेजारी एक उभी काठी, की झाला ग. अशी कितीतरी अक्षरं मी वाहून आणली, आणि वाहता वाहता शिकले. आता सांगा, अभ्यास अभ्यास म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

या खेळात सगळ्यांत जास्त काठ्या आणायची ती मुंगी. हे तिचं खरं नाव नव्हे. सदान्कदा काहीतरी उचलून चाललेली असायची, म्हणून मुलांनीच तिला मुंगी केलं होतं. पोर साडेचार वर्षांची, अंगाने एवढीशी आणि बोलायला त्याहून कमी. बाकीची मुलं अक्षर ओरडत तेव्हा ही ओठ घट्ट मिटून उभी. पण तिने आणलेली काठी कधी चुकीची निघाली नाही. हे माझ्या लक्षात आलं होतं आणि ताईंच्याही.

लक्षात आलं नव्हतं ते तिच्या बाबांच्या. मुंगीचे बाबा पेंटर, दुकानांच्या पाट्या रंगवणारे. त्यांचं अक्षर असं देखणं, की लोक रस्त्यात थांबून बघत. त्यांच्या बोटांच्या पेरांना कायम निळा नाहीतर लाल रंग लागलेला असे. अशा माणसाच्या मुलीला पाचव्या वर्षाच्या उंबरठ्यावर एक अक्षर लिहिता येऊ नये, हे त्यांच्या जिवाला फार लागलं होतं. घरी ते तिला दुरेघी वही देत, मनगट धरून गिरवायला लावत. मुंगी मूठ मिटायची ती मिटायचीच.

एका संध्याकाळी फाटकाशी ते ताईंना म्हणाले, "ताई, मी दिवसभर लोकांची नावं रंगवतो. माझ्या पोरीला स्वतःचं नाव येत नाही. रोज घरी काय आणते, तर खिसाभर माती!"

"तिला येतं हो," ताई म्हणाल्या. "पेन्सिल दिली की ती स्वतःला मिटून घेते, एवढंच. थोडा धीर धरा."

"येतं तर दिसू दे की. या महिन्यात दिसलं नाही, तर मी तिला दुसरीकडे घालतो. चार भिंतींची शाळा बरी, निदान बाकावर बसवून गिरवून तरी घेतील."

मी शेजारीच उभी होते. माझं काळीज लाकडाचं असलं तरी चर्र झालं. मुंगीशिवाय झाडी, ही कल्पनाच मला सोसवेना. पण गाडीने करायचं काय? फार तर कुरकुरायचं, ते मी केलं.

त्यात भर म्हणून दोनच दिवसांनी माझाच घात झाला. मुलांना झाडीत घर बांधायचं होतं, म्हणून त्यांनी माझ्यावर ओंडके रचले. एक, दोन, तीन... पाचव्याला माझं पुढचं चाक कडाड करून मोडलं. मोठ्या बाई धावत आल्या. त्या वाईट नव्हत्या हं, नुसत्या फार काळजी करणाऱ्या होत्या. "लाकूड जुनं झालंय. एखाद्या लेकराच्या हातात कुसळ जाईल," असं म्हणून त्यांनी मला फाटकाजवळच्या खोलीत ढकललं आणि कुलूप घातलं. मग आली नवी पत्र्याची ट्रॉली. चकचकीत, उंच दांड्याची. ती फक्त मोठ्यांनाच ओढता येई, आणि त्या दोन खोडांच्या मधून तर मुळीच जाईना. सामान बाहेरच राहायचं. काठ्या आणायला गाडी नाही म्हटल्यावर खेळही थंडावला. पावसाची सर आली की मुलं वर्गात बसून वहीतल्या रेघांवर गिरवू लागली.

आणि मी? अडगळीत पडले. एका बाजूला फुटक्या कुंड्या, दुसऱ्या बाजूला गुंडाळलेली चटई, आणि कोळ्यांना तर माझा दांडा फारच आवडला. खोटं कशाला बोलू, मी रडले असते, पण लाकडाला पाणी सोसत नाही. आता आपला सरपणाला उपयोग, असंच वाटत होतं. दाराच्या फळ्यांमध्ये बोटभर फट होती. तिच्यातून दिसेल तेवढं अंगण, हेच माझं जग.

चौथ्या दिवशी दाराखालच्या सांदीतून सरसर आवाज आला. एक आकडेबाज फांदी आत आली, तिच्यामागे चार छोटी बोटं. बोटं मागे गेली. दुसऱ्या दिवशी एक उभी काठी, तिसऱ्या दिवशी एक वळलेली वेल. झाडीतून परतली की मुंगी बूट काढायच्या निमित्ताने माझ्या दाराशी बसायची आणि काठी आत सारायची. कुणाला पत्ता नाही! मित्रांनो, माणसं विसरली तेव्हा त्या एवढ्याशा जिवाने मला रोजचं काम आणून दिलं. मी त्या काठ्या मोजत बसायची. मात्र त्यांचं पुढे काय होणार, हे मला तरी कुठे ठाऊक होतं?

मग महिन्याचा शेवटचा शुक्रवार उजाडला. बाबांनी दिलेली मुदत त्याच दिवशी संपत होती, आणि दुपारी ते नाव काढण्याचा अर्ज घेऊन येणार, हे ताई उतरलेल्या आवाजात मोठ्या बाईंना सांगताना मी ऐकलं. मुलं घरी जायच्या तयारीत होती. तेवढ्यात दाराखालून मुंगीचा हात आत आला, कोपरापर्यंत. पण या वेळी त्याने काही आणलं नाही. तो एकेक काठी बाहेर ओढू लागला. आकडा गेला, उभ्या काठ्या गेल्या, वेल गेली. म्हटलं, झालं! हिनेही आपला संसार आवरला. इतकं वाईट मला चाक मोडलं तेव्हाही वाटलं नव्हतं.

मी फटीला डोळा लावला. मुंगी दारासमोरच्या मातीत गुडघ्यांवर बसली होती. काठी ठेवायची, मागे सरून बघायची, परत थोडी सरकवायची. मग तिने फ्रॉकच्या खिशातून एक वेडंवाकडं मूळ काढलं आणि अगदी जपून खाली ठेवलं. मला सगळं उलटं दिसत होतं, पण पोरं माझ्यात काठ्या कशाही टाकत, त्यामुळे उलटं वाचायची मला सवय होती. ग, काना, ड, वेलांटी... आणि तेव्हाच फाटक वाजलं. बाबा आले. हातात घडी केलेला कागद, नजर सरळ मोठ्या बाईंच्या खोलीकडे, आणि पाय नेमका काठ्यांवर पडणार!

"बाबा, थांब!" मुंगी ओरडली. होय, मुंगी ओरडली! "अक्षर मोडेल!"

पेंटरबाबांचा पाय हवेतच राहिला. त्यांनी खाली पाहिलं. आयुष्यभर अक्षरं वाचलेला माणूस, पण हे दोन शब्द वाचायला त्यांना बराच वेळ लागला. मातीत लिहिलं होतं: गाडी हवी.

ते हळूहळू खाली बसले. निळं बोट त्या वेड्यावाकड्या मुळावरून फिरवत म्हणाले, "हा ह... कुठे मिळाला गं तुला?"

"ओढ्याजवळ. चार दिवस शोधला. ह लवकर सापडत नाही."

"आणि हे लिहायला तुला सांगितलं कुणी? ताईंनी?"

मुंगीने मान हलवली. "कुणी नाही. गाडी आत आहे ना."

वर्गाच्या पायरीवर ताई उभ्या होत्या, त्यांच्यामागे मोठ्या बाई, आणि बाकीची मुलं तर खांद्यांवरून डोकावत होती. बाबांनी डोळे पुसले, त्याबरोबर गालाला थोडा निळा रंग लागला, आणि घसा खाकरून ते म्हणाले, "छान आहे. पण वरची रेघ राहिली की." कुंपणापाशी एक लांब, सरळ फांदी पडली होती. ती त्यांनी आणली आणि दोन्ही शब्दांवर ऐटीत आडवी ठेवली.

मुंगीने कमरेवर हात ठेवले. "अहं. चुकलं, बाबा."

"चुकलं? माझं?"

"दोन रेघा हव्यात. दोन शब्द आहेत ना? मध्ये जागा सोडायची असते."

"अगं, आम्ही पाटीवर आधी एकच लांब रेघ आखतो, मग तिच्या खाली..." असं म्हणता म्हणता ते थांबले. मुलीकडे पाहिलं. मग फांदी गुडघ्यावर घेऊन काडकन मोडली, एक तुकडा या शब्दावर ठेवला, दुसरा त्या शब्दावर, आणि मध्ये जागा सोडली. मुंगीने ती डोळे बारीक करून तपासली. "आता बरोबर," ती म्हणाली. पायरीवरून मुलांनी अशी आरोळी ठोकली की माझ्या दांड्यावरचे कोळीसुद्धा पळाले.

तो कागद बाबांच्या खिशात गेला, तो पुन्हा बाहेर आलाच नाही. ते मोठ्या बाईंकडे वळून एवढंच म्हणाले, "बाई, किल्ली कुणाकडे असते?" आणि मोठ्या बाई, ज्यांनी स्वतः कुलूप घातलं होतं, त्या किल्ली आणायला चक्क पळाल्या.

सोमवारी सुतारकाकांनी मला नवं चाक बसवलं, अंगभर घासून गुळगुळीत केलं, एकही कुसळ ठेवलं नाही. मुंगीने मला ओढत झाडीत नेलं, तेव्हा मागून सगळी वरात होती, बाबाही होते. त्या दोन खोडांमध्ये मी खरचटले आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू! त्या दिवशी ताईंनी काठी उंच धरली, तेव्हा सगळ्यांत मोठा आवाज मुंगीचा होता. पेन्सिल तिने आणखी काही आठवड्यांनी हातात घेतली, तीही आपणहून, बाबांना चिठ्ठी लिहायची होती म्हणून.

मित्रांनो, माझी विनंती एवढीच आहे. एखादी वस्तू मोडली की तिला लगेच अडगळीत टाकू नका, आधी तिचं चाक बदलून बघा. आणि एखादं मूल गप्प दिसलं, तर त्याला काही येत नाही असं घाईने ठरवू नका. त्याला हिंडू द्या, माती लागू द्या, काहीतरी मनापासून हवंसं वाटू द्या. ते मागायची वेळ आली, की ते असं लिहील की पाट्या रंगवणाऱ्यांनासुद्धा खाली बसून वाचावं लागेल.