सात मिनिटं कमी

एकोणीस दिवस माझा धाकटा भाऊ मशीनच्या श्वासावर होता. न्यूमोनिया गेला, पण जाताना छातीतलं बळ घेऊन गेला. मशीनचा जोर कमी करायचा, त्यानं अर्धा तास स्वतः श्वास घ्यायचा, जमलं तर घशातली नळी काढायची. दोनदा फसलं. रोज स्नायू झिजताहेत, आता शेवटचं एकदा बघू, असं डॉक्टर म्हणाले. नाहीतर गळ्याला छेद द्यावा लागेल, पुढचं काही सांगता येणार नाही.

दोन्ही वेळा आई उशाशी उभी होती. "घे बाळा, घे श्वास," असा तिचा जप चाललेला. तिला खूश करायला तो इतक्या धापा टाकायचा की मिनिटाला चाळीस श्वास व्हायचे. आईनं बाहेर थांबावं, असं नर्सनं आडून आडून सुचवून पाहिलं. आडून बोललेलं आमच्या आईला कधीच ऐकू येत नाही. मी पडले तोंडाची फटकळ. मशीनची सवय सोडवण्याला डॉक्टर 'मशीन तोडणं' म्हणत, तोच शब्द मी पकडला.

"याचं दूध तोडलंस तेव्हा कुठं होतीस?"

"तुझ्या मावशीकडे. तीन दिवस."

"मग आजही समोर थांबू नकोस."

"तेव्हा माहीत होतं गं, परत येईन तेव्हा हा असेल."

तरी गेली, जिन्यात जाऊन बसली. मी जिंकले, असंच मला वाटलं.

तिसऱ्यांदा मशीनचा जोर कमी केला. श्वास मिनिटाला बावीसवर होते. पंधरा मिनिटं गेली, नर्सनं माझ्याकडे बघून मान डोलावली. सतराव्या मिनिटाला त्यानं खुणेनं पाटी मागितली आणि वेडंवाकडं लिहिलं: आई. ती येतेच आहे, म्हणाले मी, आणि जागची हलले नाही. तो दाराकडे बघत राहिला. कपाळावर घाम फुटला, श्वासागणिक गळ्याखाली खड्डा पडू लागला. अडतीस. बेचाळीस. तेविसाव्या मिनिटाला नर्सनं मशीन पुन्हा पूर्ण जोरावर लावलं.

जिन्यात आईला सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "माझी आठवण काढली का त्यानं?"

जन्मात पहिल्यांदा मी तोंड सांभाळलं. नाही म्हणाले.

"म्हणजे माझ्यामुळे नव्हतं."

तिला हायसं वाटेल, असं मला वाटलं होतं. तिनं कठड्याला कपाळ टेकलं.

"माझ्यामुळे असतं तर बरं झालं असतं गं. त्याच्या छातीत बळ तरी असतं."