आत्याबाईंच्या नावाला पासवर्ड नाही

"मामी, टीव्हीवर आजी येत नाहीत."

इंदापूरहून प्रतिक्षाचा फोन आला तेव्हा मी दिवेलागणीच्या वाती वळत होते. प्रतिक्षा म्हणजे माझ्या नणंदेची, प्रयागबाईंची सून. तिचा आवाज रडवेला होता.

"कालपासून नुसती पाटी येतीय. घराबाहेरून बघायचं असेल तर आता पैसे भरा म्हणून. आईंनी सकाळपासून गोळी घेतलेली नाही. म्हणतात, आईनं वाचल्याबिगर घशाखाली उतरत न्हाय."

टीव्हीवर येणाऱ्या आजी म्हणजे माझ्या सासूबाई, भागूबाई; मी त्यांना आत्याबाई म्हणायची. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

आत्याबाई दर चातुर्मासात पहाटे पोथी वाचायच्या. प्रयागवन्सं हृदयाच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळल्या, त्यांना माहेरी जळोचीला येणं जमेना, म्हणून माझ्या लेकीनं, योगिनीनं, समोर मोबाईल उभा करून आत्याबाईंचं वाचन भरून घेतलं. रोज एक अध्याय. ते सगळं टीव्हीखालच्या एका लहान काळ्या डब्यात साठवलं, आणि इंदापूरच्या टीव्हीवर दिसेल अशी सोय केली. आत्याबाई चार-पाच ओव्या वाचून झाल्या की मान वर करून थांबायच्या. ऐकणाऱ्यानं "हं" म्हणायचं, मग पुढं. त्या चित्रांत मी दिसत नाही, पण ते "हं" माझं आहे.

शेवटचा अध्याय मात्र राहिला. त्या पहाटे त्यांनी अंघोळ केली, आसनावर बसल्या, खुणेचं मोरपीस बाजूला घेतलं, चष्मा लावला आणि मान खाली घातली. आम्हाला वाटलं, ओळ शोधतायत.

वन्संना आईचं शेवटचं दर्शनसुद्धा झालं नाही. त्यांना आई उरली ती त्या डब्यातली.

आमच्याकडे पोथी लागली की वाचणाऱ्यासमोर एक पाट मांडतात. त्यावर कुणी बसायचं नाही. ऐकायला जो कुणी न दिसणारा येईल, त्याची ती जागा. समाप्तीला नैवेद्य दाखवून, त्याला निरोप देऊन मगच पाट उचलायचा. आमची समाप्ती झालीच नव्हती. गुरुजी म्हणाले होते, घरातल्या कुणीही शेवटचा अध्याय वाचून टाका. माझं धाडस होईना. पोथी चौरंगावर आणि पाट देवघरापुढं, दोन्ही तसेच होते. मी रोज पाट पुसायची, तिन्हीसांजेला दिवा लावून डब्यातला एक अध्याय ऐकायची. तेवढा नेम धरला होता.

रविवारी योगिनी पुण्याहून आली आणि डबा टीव्हीला जोडून मांडी घालून बसली.

"आई, ज्या कंपनीचं हे सॉफ्टवेअर आहे ना, तिनं दर वाढवलेत. घरात बघायला काही नाही, पण इंदापूरला दाखवायचं तर दरमहा द्या. एकदाच भरून मोकळं व्हावं म्हटलं तर तेही आता परवडायचं नाही."

"आपल्याच आईला बघायचं भाडं?" ह्यांनी विचारलं. हे सोमेश्वरनगरला साखर कारखान्यात आहेत. सीझन चालू होता, झोप अपुरी, त्यामुळे बोलणं जरा तिखट.

"म्हणून दुसरं टाकतेय बाबा. फुकट आहे. लोकांनीच मिळून बनवलंय, कुणी मालक नाही त्याला."

"म्हणजे सभासदांचं. आमच्या कारखान्यासारखं."

"तसंच. फक्त निवडणूक नाही, म्हणून नीट चालतं."

हे हसत हसत चहा प्यायला गेले. माझ्या मनात मात्र ते राहून गेलं. मालक नसलेल्या घरात दाराशी कोण असतं?

"कोण कोण बघणार, त्यांची नावं टाकायचीत," योगिनी म्हणाली. "एक जळोची, एक प्रयागआत्या. झालं?"

"आत्याबाईंचं पण घाल."

तिनं वळून पाहिलं. "आई, आजी कशी बघेल?"

"पाट मांडतो तेव्हा कुणी बसलेलं दिसतं का? वाचन चालू आहे तर त्यांची जागा नको?"

मग तिनं 'भागूबाई' असं टाइप केलं. "पासवर्ड काय देऊ?"

"त्यांना कशाला कडी घालायची? मोकळंच ठेव."

संध्याकाळी इंदापूरच्या टीव्हीवर आत्याबाई आल्या. वन्संनी गोळी घेतली. प्रतिक्षानं फोनवर मला तीनतीनदा "मामी, थँक्यू" म्हटलं.

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. दिवा लावला, टीव्ही सुरू केला. तीन नावं आली, आणि रिमोटचं बटण चुकून आत्याबाईंच्या नावावर दाबलं गेलं. तिथं काहीच नसायला हवं होतं. तिथं पहिल्या काही अध्यायांवर ऐकून झाल्याची खूण होती.

मी योगिनीला फोन केला. "इंदापूरला कुणीतरी चुकीचं नाव दाबलं असणार," ती म्हणाली. "थांब, कुठल्या टीव्हीवरून चाललं ते मला इथून दिसतं." थोडा वेळ तिच्याकडून नुसती बटणं ऐकू आली. "आई, हा आपलाच टीव्ही आहे. जळोचीचा. रोज पहाटेचा एक अध्याय. तू ऐकतेस का पहाटे?"

पहाटे मी महादेवाला पाणी घालायला जाते. हे त्याआधीच पाळीवर गेलेले असतात. दाराला कुलूप असतं.

"ते नाव काढून टाकू का?" तिनं हळूच विचारलं.

"नको," मी म्हटलं. पाटावर बसलेल्याला कुणी उठवतं का?

दुसऱ्या दिवशी मी देवळातून भरभर आले. कुलूप तसंच. टीव्ही काळा. घरात समईच्या तेलाचा वास होता, आणि समई तर मी पेटवली नव्हती. टीव्हीच्या पाठीवर तळहात ठेवला. भाकरी उतरून घटकाभर झालेल्या तव्यासारखी ती कोमट होती.

मी भ्याले असं म्हणवत नाही. पाट पुसला, हळदकुंकू वाहिलं. माणूस आपलंच होतं.

भ्याले ते वन्संचा फोन आला तेव्हा.

"वैनी, आई पहाटंची वाचती न्हवं?" त्यांचा आवाज कितीतरी दिवसांनी टवटवीत होता.

मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. योगिनीनंही नाही.

"तुम्हाला कुणी सांगितलं वन्सं?"

"सांगतंय कोण? मला हितं ऐकू येतं. टीव्ही बंद असतोय, तरी येतं. म्हनली, प्रयागे, पोथी पुरी झाली की तुला घिऊन जाती. उगं चार दिस कळ काढ."

"असं बोलू नका."

"का गं? तुला वाईट वाटतंय व्हय? मला न्हाय वाटत. लई दिस झालं हितं पडून छत बघतीया. छताला बी माझा कटाळा आला आसंल."

त्या खुदकन हसल्या. मग प्रतिक्षानं फोन घेतला आणि बाहेर जाऊन बोलली. मागून एसटीचा हॉर्न ऐकू येत होता. "मामी, आईंनी औषध परत बंद केलंय. म्हणतात, आता थोडंच राहिलंय, कशाला गिळू. डॉक्टर म्हणाले, गोळ्या चुकल्या तर खात्री देता येत नाही. मामी, तो शेवटचा अध्याय कुणाला वाचू देऊ नका. तुमच्या पाया पडते."

शेवटचा अध्याय डब्यात नव्हता, तेवढाच धीर होता. तरी मी रोज सकाळी आत्याबाईंचं नाव उघडून बघू लागले. खूण एकेका अध्यायानं पुढं सरकत होती. शेवटून दुसऱ्या अध्यायावर आली, आणि दुसऱ्या दिवशीही तिथंच राहिली. मी नि:श्वास टाकला. पण त्या सकाळी चौरंगावरच्या पोथीकडे माझं लक्ष गेलं. आमची पोथी जुनी, सुट्या पानांची. मोरपीस शेवटच्या अध्यायाच्या पहिल्या पानावर असायचं. ते आता दुसऱ्या पानावर होतं.

आत्याबाई आता स्वतःच वाचत होत्या.

दिवसभर मी काम करत राहिले आणि मनात एकच. वाचून त्यांनी संपवली तर त्या वन्संना घेऊन जाणार. मी आधी संपवली, नैवेद्य दाखवून, हात जोडून निरोप दिला, तर निरोप दिलेलं माणूस रिकाम्या हातानं जातं. आमच्यात निरोपाला मान आहे. निघताना घरातलं काही उचलून नेत नाहीत.

संध्याकाळी शिरा केला. फोन आतल्या खोलीत ठेवला, टीव्हीचा प्लग काढला. आसनावर बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्या आसनावर.

"आत्याबाई," मी पाटाकडे बघून म्हटलं, "ही समाप्ती तुमच्या नावानं मी करते. तुम्ही सुखानं जावा. वन्संना राहू द्या. लेकराला अजून त्यांची गरज आहे." प्रतिक्षाला सहावा महिना होता.

वाचायला लागले. चार-पाच ओव्या झाल्या आणि मी सवयीनं मान वर करून थांबले.

"हं," कुणीतरी म्हटलं.

मी खाली बघितलं आणि पुढं वाचलं. पुन्हा थांबले, पुन्हा "हं." शेवटपर्यंत तसंच. समाप्तीची ओवी झाल्यावर मात्र थांबले तेव्हा काही आलं नाही. मी नैवेद्य दाखवला, पाट उचलून भिंतीला टेकवला. हलका वाटला. लाकडाचा पाट हलका कसा वाटेल, पण वाटला.

दुसऱ्या दिवशी प्रतिक्षाचा फोन.

"मामी, टीव्हीवर आजी येत नाहीत."

"पुन्हा पैशांची पाटी आली का?"

"नाही हो. वाचन चालू होतंय. पण आजीच नाहीत त्यात."

मी टीव्ही लावला. पहिला अध्याय. समई जळत होती, चौरंगावर पोथी होती, पान उलटत होतं. आसन रिकामं होतं. आवाज नव्हता. थोड्या वेळानं माझा आवाज आला: "हं." मग पुन्हा शांतता, पुन्हा "हं." सगळे अध्याय असेच. योगिनीनं पुण्यात बसून तपासलं. फाइल तीच, लांबी तीच, कुणी हात लावलेला नाही. शेवटी ती म्हणाली, "आई, मला नाही समजत," आणि रडली.

वन्संनी फोन घेतला. "वैनी, आईला तू लावून दिलंस."

"तुमच्यासाठीच, वन्सं."

"मला इचारायचं तरी." "आता ना ती न्यायला येनार, ना तिचा आवाज ऱ्हायला. मी कशाच्या आधारानं पडून ऱ्हाऊ, सांग की."

गोळ्या त्यांनी घेतल्याच नाहीत. आणि मला वाटलं होतं, मी त्यांना वाचवलं.

तिसऱ्या दिवशी मीच इंदापूरला फोन लावला. "वन्सं, मी वाचते. पहिल्यापासून. ऐकाल?"

"तुला आईवानी थांबता येतं का?"

"शिकेन."

"तू न्हेमी पुटपुटतीस. देवाला बी कान लावावा लागत आसंल."

"मोठ्यानं वाचेन."

"मग वाच. बघू."

योगिनी आली, मोबाईल उभा केला. वाचन म्हटलं की पाट आला. भिंतीचा पाट घेऊन मी देवघरापुढं मांडला. योगिनीनं तो चित्रात येणार नाही असा मोबाईल सरकवला. पहिला अध्याय भरून झाल्यावर तिनं विचारलं, "आजीचं नाव यादीतून काढू?"

"असू दे."

संध्याकाळी प्रतिक्षाचा निरोप आला. आईंनी ऐकलं. शेवटी म्हणाल्या, बरं वाचती, पण घाई करती. आणि पाणी मागून गोळी घेतली.

पहाटे देवळातून आले. कुलूप उघडलं, तांब्या खाली ठेवला. तेलाचा वास होता. टीव्हीच्या पाठीला हात लावला. कोमट. आत्याबाईंचं नाव उघडलं तर माझ्या पहिल्या अध्यायावर ऐकून झाल्याची खूण होती.

मी तिथंच बसले. भीती होती, आणि आपल्या वाचनाला त्या येऊन बसल्या याचं बरंही वाटत होतं. दोन्ही एकदम.

थोड्या वेळानं वन्संचा फोन वाजला. "वैनी, पोथी पुरी व्हायला किती दिस लागत्याल गं?"

त्यांचा आवाज परत टवटवीत होता.

"मी सावकाश वाचते, वन्सं. तुम्ही गोळी घ्या."

फोन ठेवून मी पोथी उघडली. शेवटच्या अध्यायाची पानं वेगळी काढली, कपाळाला लावली, देवाची क्षमा मागितली आणि तांबड्या फडक्यात बांधून लोखंडी कपाटात ठेवली. त्याच्या अलीकडचा अध्याय झाला की मी परत पहिल्यावर येणार. असा नेम कुठल्या पोथीत सांगितलेला नाही. मी धरला आहे.

कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली कनवटीला लावली. आत्याबाईंच्या नावाला मात्र अजून पासवर्ड नाही.