अल्काने घडवलेला आस

२००९ साली गोंदियाजवळच्या बिरसीच्या वैमानिक शाळेतले एक प्रशिक्षक आपल्या वडिलांचं स्विस घड्याळ घेऊन फुलचूरला अल्का रंगारीच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात आले. घड्याळातल्या चक्राचा आस मोडला होता आणि तसा आस आता कुठेच मिळत नव्हता.

"कारागीर कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"मीच आहे. मिळत नसेल तर हाताने बनवून देते," अल्का म्हणाली.

हे काम ती आपले वडील देवाजी यांच्याकडून शिकली होती. छोट्या खरादावर, म्हणजे लेथवर, पोलादी तार लावून तिने आस घडवायला घेतला. त्याची टोकं केसाइतकी बारीक हवी होती. तीन आस टोकाशीच तुटले. चौथ्यासाठी तार लावायला ती कचरली.

"काऊन घाबरून राहिली? मले तर पहिल्यांदा सात लागले होते," दुकानातच बसलेले देवाजी म्हणाले.

चौथा नीट बसला आणि घड्याळ चालू झालं.

प्रशिक्षकांनी ते कानाशी धरलं. मग त्यांनी झाकणाच्या आत कोरलेली, ते आधी दुरुस्त करणाऱ्या दोन परदेशी कारागिरांची नावं दाखवली.

"मॅडम, यांच्याखाली तुमचंही नाव पाहिजे."

अल्काने कोरायची सुई उचलली. देवाजी भिंग लावून शेजारी वाकले.

"गोंदिया बी लिही," ते म्हणाले. "पुरं लिही."