राजा पेंग्विन, मादी

मित्रांनो, मी एक पेंढा भरलेली जुनी पेंग्विन आहे, आणि मी राजा आहे. हसलात ना? खुशाल हसा. पण याच गोंधळापायी मी भंगारात जाणार होते, थोडक्यात वाचले.

आधी घराण्याविषयी सांगते. जगातल्या साऱ्या पेंग्विनांचं शास्त्रज्ञांनी एकच कुळ मानलं आणि त्या कुळात निरनिराळ्या प्रजाती केल्या. आमच्या प्रजातीचं नाव ऍप्टेनोडायटिस, म्हणजे पंख नसलेला पाणबुड्या. पंख नाहीत म्हणे! मग हे दोन्ही अंगांना काय लोंबतंय? असो. या प्रजातीत आज दोनच जाती हयात आहेत, आणि पेंग्विनांमध्ये त्याच सगळ्यांत मोठ्या. माणसांना आधी आम्ही दिसलो. एवढा मोठा पेंग्विन पाहून त्यांनी आम्हाला घाईघाईत 'राजा' म्हणून टाकलं. पुढे थेट बर्फाच्या मुलखात आमच्याहून धिप्पाड भाऊबंद सापडले. आली का पंचाईत! राजा हे नाव तर देऊन बसले होते. मग त्यांना 'सम्राट' म्हणावं लागलं. सम्राटांच्या घरी अंडं एकटा बाप पायांवर घेऊन उभा राहतो. आमच्यात आईबाप पाळ्या लावतात.

माझा जन्म प्राणिसंग्रहालयातल्या गार खोलीत झाला. मी पोहले, मासे खाल्ले, अंड्याच्या पाळ्याही केल्या. त्यातून पिल्लू काही आलं नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं. म्हातारी होऊन मी गेले, तेव्हा पेंढा भरणाऱ्या काकांनी मला इतक्या मायेनं सजवलं, की जिवंतपणी मी एवढी देखणी नव्हते. मग मला वस्तुसंग्रहालयात काचेच्या कपाटात उभं केलं.

पाटी रंगवायला पेंटरकाका आले. त्यांना संग्रहालयाच्या साहेबांनी मजकूर सांगितला होता, 'राजा पेंग्विन, मादी'. काकांनी डोकं खाजवलं. "मादी आणि राजा? साहेबांची गफलत झालेली दिसते." साहेब रजेवर होते. काका पडले भिडस्त, साहेबांची चूक चारचौघांत कशाला काढा, म्हणून त्यांनी ती परस्पर निस्तरली आणि वळणदार अक्षरांत लिहिलं, 'राणी पेंग्विन'.

साहेब रजेवरून आले ते बदलीची ऑर्डर घेऊनच. पाटीकडे बघतो कोण! मुलं मात्र काचेला नाक लावून "राणी, राणी!" ओरडायची. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? पुढे दालनातले दिवे गेले, मुलं येईनाशी झाली, माझ्या पिसांना कसर लागली. फक्त झाडपूस करणाऱ्या मावशी येता-जाता माझी विचारपूस करायच्या.

एक दिवस संग्रहालयाच्या प्रमुख म्हणून नव्या मॅडम आल्या. पाटी वाचली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "राणी पेंग्विन नावाची जातच नाही. कुणीतरी कापूस-कापडाचं सोंग आणून ठेवलंय. काढा हे."

मला दाराशी भंगाराच्या गाडीपाशी आणलं. मावशींनी मला कवेत घट्ट धरलं होतं. त्या गाडीवर ठेवीचनात.

"मॅडम, एकदा हात तरी लावून बघा हो. कापडाला अशी पिसं असतात का?"

मॅडमनी हात लावला आणि त्या थबकल्या. त्यांनी मला उजेडात वळवलं. कानामागचा नारिंगी पट्टा पाहिला. सम्राटांचा तो फिकट होत छातीकडे उतरतो, आमचा गडद आणि कडेनं बंद असतो. मग चोच पाहिली, उंची मोजली.

"अगं बाई! ही तर राजा पेंग्विन. खरीखुरी! आणि मी हिला फेकायला निघाले होते."

पेंटरकाकांना बोलावणं गेलं. आता ते पार थकले होते. सगळं ऐकून ते कासावीस झाले. "पण मॅडम, बाईमाणसाला राजा कसं लिहायचं?"

"काका, घारीचा नर असला तरी आपण त्याला घारच म्हणतो ना? त्यानं कधी तक्रार केली?"

काका खुदकन हसले. मग डोळे पुसत मला म्हणाले, "पोरी, तुझा मान ठेवायला गेलो, आणि तुझाच घात करत होतो गं."

मी त्यांच्यावर कशी रागावणार? इतक्या वर्षांत कुणीच शहानिशा केली नव्हती.

त्यांनी नवी पाटी रंगवली, मावशींनी मला कपाटात नेऊन ठेवलं आणि दिवेही लागले. मित्रांनो, वस्तुसंग्रहालयात आलात की पाट्या जरूर वाचा. पण वाचून झाल्यावर लगेच पुढे पळू नका. एकदा मान वर करून आमच्याकडेही बघा.