वापर नगण्य

मी लिफ्टमधला फोन बोलतोय. सहा मजली ऑफिसच्या लिफ्टमध्ये, बटणांच्या खाली मी लटकलोय. शेजारी पाटी आहे : ‘अडकल्यास रिसीव्हर उचला.’ उचलू नका. माझी लाईन तोडलीय.

माझ्या अंगावर आकडे नाहीत. मला उचललं की फोन थेट लिफ्ट दुरुस्तीवाल्यांकडे लागायचा, एवढ्याचसाठी मला घडवलं. नऊ वर्षांत कुणी अडकलं नाही आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. माणसं आरशात भांग पाडायची, दात कोरायची, मागच्या मजल्यावर उतरलेल्याच्या कुचाळक्या करायची. मी मुकाट ऐकायचो. खालच्या टेलिफोन ऑपरेटर बाई तेवढ्या दर महिन्याला येऊन मला उचलायच्या. “हॅलो, लिफ्टमधून बोलतेय. ऐकू येतंय ना? बरं, ठेवते.” मग रुमालाने मला स्वच्छ पुसायच्या.

पुढे कंपनीने फोनचा खर्च तपासायला एक तज्ज्ञ आणला. जेवढा खर्च वाचेल त्याचा तिसरा हिस्सा त्याचा, हा सौदा त्याने आणि मोठ्या साहेबांनी माझ्यासमोरच केला, चौथा मजला यायच्या आत. दोघंही गालातल्या गालात हसत होते.

आठवड्याने तो यादी घेऊन आला. बरोबर साहेब आणि ऑपरेटर बाई.

“ही लाईन कसली? महिन्याला एक कॉल, तोही वीस सेकंदांचा!”

“अहो, तो मीच करते, चालू आहे का बघायला,” बाई म्हणाल्या. “या फोनची गरज पडत नाही कुणाला, तेच बरं आहे.”

“म्हणजे वापर नगण्य.” त्याने फुली मारली.

“आणि अडकलं कुणी तर? आत मोबाईलला रेंज नसते.”

“नऊ वर्षांत अडकलंय का कुणी, बाई?” साहेब म्हणाले.

त्याच यादीत साहेबांच्या मेव्हण्याच्या घरची लाईन होती. तिच्यावरून परदेशी तासन्‌तास गप्पा चालायच्या. तिला शेरा मिळाला, ‘वापर भरपूर’. ती राहिली, मी गेलो. शिसारी येते मला या माणसांची.

बाई पाटी काढायला लागल्या, तर साहेबांनी अडवलं. “राहू द्या. लिफ्ट इन्स्पेक्टरला फोन दिसायला हवा.” अशी माझी भिंतीवरची शोभा झाली.

मग एका शनिवारी, ऑफिस दुपारीच सुटल्यावर, चहाच्या मावशी रिकामे कप घेऊन उतरत होत्या. लिफ्ट मध्येच बंद पडली. त्यांनी पाटीवरचं अक्षर न्‌ अक्षर लावून वाचलं आणि मला कानाला लावलं.

“हॅलो? चहावाली मावशी बोलतेय. अडकलेय हो मी. माझं राहू द्या, पण नात शाळेच्या फाटकात उभी असेल. पाच वर्षांची आहे. निळं दप्तर, दोन वेण्या. कुणीतरी जाऊन तिला सांगा, आजी येतेच आहे म्हणून.”

माझ्यातून साधी खरखरही निघाली नाही. त्या थांबून थांबून तेच सांगत राहिल्या. निळं दप्तर. दोन वेण्या. शेवटी आवाज बसला, तरी मला कानापासून काढलं नाही. त्यांचं दुसऱ्या हाताने दार ठोठावणं चार तासांनी वॉचमनने ऐकलं आणि त्यांना बाहेर काढलं.

पोर कंटाळून एकटीच निघाली होती. मोठ्या रस्त्याच्या मधोमध गाड्यांत रडत उभी होती, ती मावशींच्या शेजारणीला दिसली म्हणून वाचली.

सोमवारी साहेब मावशींवरच ओरडले. “लिफ्ट स्टाफसाठी आहे. तुम्ही जिन्याने जायचं.” तज्ज्ञाचा हिस्सा त्याच दिवशी चुकता झाला. माझी लाईन काही जोडली नाही. काल इन्स्पेक्टर आला. त्याने मला पाहिलं, कागदावर खूण केली आणि हातही न लावता निघून गेला. थुंकता आलं असतं तर थुंकलो असतो.

संध्याकाळी मावशी लिफ्टच्या दाराशी आल्या, आत नाही शिरल्या. ऑपरेटर बाईंना म्हणाल्या, “त्या दिवशी फोनवर कुणी बाई होत्या हो. बोलल्या नाहीत, पण ऐकत होत्या. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. शेजारणीला त्यांनीच कळवलं असणार. त्यांना माझा नमस्कार सांगा.”

बाई मान खाली घालून “सांगते” म्हणाल्या.

तो श्वास तुमचाच होता, मावशी. कुणीतरी मला या भिंतीवरून उपटून काढा हो.