अर्धी उरलेली बाटली

...आणि रेघ तिथेच होती. बाटलीच्या खांद्यापासून बरीच खाली, काचेला आतून चिकटलेली तपकिरी रेघ — म्हणजे कुणीतरी इथपर्यंत प्यायलं आणि थांबलं. चिन्मयीने हातमोज्यातल्या बोटांनी बाटली खिडकीकडे तिरकी केली. तळचं औषध हललं नाही, इतक्या वर्षांत त्याचा डिंक झाला होता. अर्धी बाटली उरलेली. का थांबलं असेल ते माणूस? बरं वाटलं म्हणून? की... तिने बाटली पुन्हा सरळ ठेवली. म्युझियमला असल्या प्रश्नांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना काच स्वच्छ हवी होती आणि लेबल शाबूत हवं होतं, प्रदर्शन तोंडावर आलं होतं.

लेबलवर मिशाळ प्रोफेसर हॅलोरन. कसला प्रोफेसर नि कुठलं काय! खाली बारीक अक्षरांत दुखण्यांची जंत्री — अपचन, आंबट ढेकर, छातीतली जळजळ, पोटफुगी, मळमळ, वाईट स्वप्नं, चिडखोरपणा, संसारातली उदासी. म्हणजे एका चमच्यात संसारसुद्धा सुधारत होता. चिन्मयी एकटीच हसली. गोदामाच्या त्या थंड खोलीत टेबलभर असल्याच बाटल्या आणि गोळ्यांचे डबे होते, राणीच्या काळातले, आणि सगळ्यांचा रोख पोटावर. तेव्हा इथे वसायला आलेले गोरे बिचारे करणार तरी काय? सकाळ-दुपार-संध्याकाळ मटण, निखाऱ्यांत भाजलेला दगडासारखा पाव आणि काळा कडू चहा, डॉक्टर कुठल्या कुठे, मग उंच टोपी घालून गाडीतून जो येईल तोच धन्वंतरी. आणि विश्वास ठेवला की थोडा वेळ बरंही वाटत असणार... वाटतंच.

फोन थरथरला. मगासचाच मेसेज, हॉस्पिटलचा. गुरुवारी मधुसूदन यांची, म्हणजे बाबांची, एंडोस्कोपी, येणार असाल तर आज ‘वाय’ लिहून पाठवा, नाहीतर जागा दुसऱ्या पेशंटला देऊ. एक अक्षर. तिने फोन पालथा घातला.

सकाळी बाबा म्हणाले होते, “चिनू, ते कॅन्सल कर बघू. साधं पित्त आहे मला. तुमचं ते ब्रेड नि चीज बाधलंय.”

“बाबा, कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडलंत. बघितलंय मी.”

“ह्या वयात माणूस वाळतो गं.” मग चहाचा कप बशीत फिरवत, हळूच, “शोभा चांगली हिंडतफिरत होती. त्यांनी ती नळी घातली आणि बाई आजारी पडली.”

तिला म्हणता आलं असतं, की नाही हो बाबा, आई त्याआधी कितीतरी महिने आजारी होती, नळीने फक्त सांगितलं. म्हणाली काय, तर — “बरं, बघते.” आमच्या घरात आजार दुखण्याने सुरू होत नाही, रिपोर्टने सुरू होतो. तोवर सगळं पित्त. डोकं दुखलं, पित्त. जेवण जात नाही, पित्त. आणि खरं सांगायचं तर गाडीत बसल्यावर तिला बरंच वाटलं होतं, बाबांनीच नको म्हटल्याचं. त्यांचं ऐकलं असं म्हणता येईल. आपण घाबरलो असं म्हणावं लागणार नाही.

ब्रॉनविन दार ढकलून आत आली. या प्रदर्शनावर दोघीच काम करत होत्या. तिच्या हातात एक इवलीशी कुपी, लॅबने त्याच बाटलीतून काढून घेतलेल्या नमुन्यातलं उरलेलं. “रिझल्ट्स, मेट! रूबार्ब, ॲलो, जिंजर, आणि ओरिजिनली अल्कोहोलचा महापूर. नो वंडर दे फेल्ट बेटर. वास घेऊन बघ, इट्स डिस्गस्टिंग.”

चिन्मयीने कुपी नाकाशी नेली... रेवंदचिनी. काळा बोळ. सुंठ. अगं बाई, हे तर आमचंच!

सहकारनगरचं स्वयंपाकघर. ओटा पुसलेला, आईचे हात ओले, आणि बाबा खलबत्त्यापाशी बसलेले. बँकेतला माणूस, पण रविवारी एकदम वैद्यराज — सुंठ, ओवा, सैंधव, रेवंदचिनी, बोळाचा कण, सगळं कुटून वस्त्रगाळ करायचं नि कॉफीच्या हिरव्या झाकणाच्या बाटलीत भरायचं. रात्री जेवणं झाली की ताटावरून उठायच्या आधी प्रत्येकाने तळहात पुढे करायचा. पाहुणा असो, जावई असो, सुटका नाही. बाबा चिमूट ठेवायचे आणि म्हणायचे, “हं, आता मुकाट.” चूर्ण तोंडात असताना बोलायचं नाही, ठसका लागतो. मग आम्ही तिघं गप्प, तोंडं मिटून, नुसते डोळ्यांनी बोलणारे... मला ते किती आवडायचं! घरातलं सगळ्यात प्रेमाचं मिनिट होतं ते, आणि त्यात कुणालाच काही बोलता येत नव्हतं.

आई ते मिनिट संपायच्या आत उठायची. गॅलरीत जायची, तांब्या घेऊन, अबोलीला पाणी घालायला. रात्री कोण झाडांना पाणी घालतं? मी सुट्टीत घरी गेले होते तेव्हा खिडकीतून बघितलं — ती कुंडीवर वाकली, पान बघितल्यासारखं केलं, थुंकली, खांद्यावरून एकदा मागे बघितलं, मनगटाने ओठ पुसले आणि त्यावर पाणी ओतलं. मग आत येऊन हसत म्हणाली, “आज जरा हलकं वाटतंय हो.” बाबांचा चेहरा असा फुलला! मला तेव्हा गंमत वाटली. कडू लागतं म्हणून थुंकते, लहान मुलासारखी. नंतर कळलं, की काही गिळवतच नव्हतं तिला. ती गेल्यावर फडताळात हिरव्या झाकणाची बाटली सापडली. अर्धी.

“यू ओके?” ब्रॉनविनने विचारलं.

“हो. ऑल गुड. घरची आठवण आली.”

“दॅट स्मेल? युअर पुअर फॅमिली,” ब्रॉनविन हसली. चिन्मयीही हसली. दिवसभर मग तो वास हातमोज्यांतून गेला नाही. फोन पालथाच होता.

उपनगरात, गिरावीनला घरी पोचली तेव्हा ऊन लख्ख होतं, घड्याळं तासाने पुढे ढकलली की पडतं ते, डे-लाइट सेव्हिंगचं न संपणारं ऊन. बाबा उजेडातच जेवतात, आणि हृषिकेशची, तिच्या नवऱ्याची, आज उशिराची शिफ्ट. त्यामुळे टेबलाशी तिघंच — ती, बाबा आणि तिची लेक ऋता. मऊ भात, मेतकूट, तूप. बाबा ऋताला त्यांच्या एअरपोर्टवरच्या पराक्रमाची गोष्ट पुन्हा सांगत होते. चूर्णाची बाटली त्यांनी फॉर्मवर इमानदारीत जाहीर केली, तिथल्या गोऱ्या बाईने झाकण उघडून हुंगलं, तिला शिंक आली आणि तिने “नो वरीज, डार्लिंग” म्हणून सोडलं. “डार्लिंग म्हणाली मला! ह्या वयात!” ऋता खिदळली.

मग ताटं उचलायला लागल्यावर ऋता सहज बोलून गेली, “मम, आजोबांनी काही खाल्लंच नाही. ही जस्ट मूव्ह्ड इट अराउंड.”

“चोंबडे,” बाबा म्हणाले. “पोट भरलंय माझं. चला, हात पुढे.”

हिरवं झाकण फिरलं. ऋताच्या तळहातावर चिमूट. “इट्स लाइक डर्ट, बट आय लाइक इट.” चिन्मयीच्या तळहातावर चिमूट, बाबांची बोटं किती हलकी झाली होती, लागलीसुद्धा नाहीत. शेवटी स्वतःच्या. “हं, आता मुकाट.” त्यांनी तोंडात टाकलं, तिच्याकडे बघून डोळे मिचकावले, झारी घेतली आणि मागच्या दाराने अंगणात गेले. ऋता तोंड मिटून आपल्या खोलीत पळाली. चिन्मयीच्या उजव्या हातात ताटं होती. डाव्या हाताची मूठ वळून ती सिंककडे गेली, आधी ही ठेवू, मग चूर्ण, एवढंच. समोर खिडकी.

कपडे वाळत घालायच्या तारेपलीकडे कढीपत्त्याची कुंडी. बाबा तिच्यावर वाकले. पान बघितल्यासारखं केलं...

नाही.

थुंकले. खांद्यावरून एकदा मागे बघितलं. मनगटाने ओठ पुसले. झारी तिरकी करून त्यावर पाणी ओतलं.

चिन्मयीच्या हातातली ताटं सिंकमध्ये घसरली. हे असं अगदी तस्संच कुणाला आपोआप सुचत नाही — हे बघावं लागतं. म्हणजे बाबांनी बघितलं होतं. त्यांना ठाऊक होतं, आणि तरी दुसऱ्या रात्री त्यांनी आईच्या हातावर चिमूट ठेवली होती, आणि आईने घेतली होती, आणि हलकं वाटतंय म्हणाली होती, आणि ते फुलले होते... देवा! किती वेळ दोघं एकमेकांना जपत बसली होती, तोंडं मिटून. आणि मी समजत होते बाबांना काही कळत नाहीये, मी त्यांना सांभाळून घेतेय. पित्त, म्हणे. बाबा मला सांभाळून घेतायत. जेवल्यासारखं करतायत, औषध घेतल्यासारखं करतायत, डार्लिंगची गोष्ट सांगून हसवतायत. मला एक अक्षर लिहावं लागू नये म्हणून.

मागच्या खिशात फोन होता. मूठ घामेजली होती, चूर्ण बोटांच्या सांध्यांत चिकटलं होतं, आणि तोच वास. गोदामातला, ओट्यावरचा, त्या कुणा माणसाच्या उशाशी राहिलेल्या अर्ध्या बाटलीतला. बाबांना बरं वाटावं म्हणून हे गिळून टाकणं किती सोपं होतं! आयुष्यभर गिळलंय.

ती मागच्या दाराने बाहेर गेली. उन्हाने डोळे दिपले. कुंपणापलीकडे कुणाचं तरी गवत कापायचं मशीन चालू होतं, ते थांबलं. बाबा वळले. तिला बघून क्षणभर दचकले, मग त्यांनी ओठ मिटून घेतले, जणू अजून तोंडात आहे, आणि ते जुनं बोट वर केलं, गप्प राहायची खूण करत, डोळ्यांनी हसत. मुकाट, चिनू. ठसका लागेल.

ती तशीच त्यांच्यासमोर उभी राहिली. मूठ वळलेली होती, चूर्ण अजून तिच्यातच. तोंड रिकामं होतं.