भिंतीच्या मापाचं चित्र

मी चाळीस वर्षं लोकांची मापं घेतली. खांदा, छाती, कंबर, बाही. पोट आत ओढून कोण उभं राहिलंय, हे मला टेप गुंडाळायच्या आधीच कळतं. तेव्हा माप म्हणजे काय ते मला कोणी शिकवू नये, आणि माझ्या मुलानं तर मुळीच नाही. तो इंजिनिअर असला म्हणून काय झालं.

ही इमारत त्यानंच उभी केली. म्हणजे पैसा मालकाचा आणि घाम मजुरांचा, पण रोज उन्हात उभं राहून काम करून घेणारा आणि शेवटी सगळं ठीक आहे म्हणून कागदावर सही करणारा हा. चार मजले, आठ घरं, खाली फर्निचरचं एक मोठं दुकान. चौथ्या मजल्यावर आम्ही राहायला आलो तेव्हा मी भेटेल त्याला सांगत सुटले होते, मुलाच्या हातच्या घरात राहते म्हणून. फुशारकी मारायची खोडच आहे मला, जित्याची खोड.

हॉलची एक भिंत सोळा फुटांची, कोरी. सून म्हणायची, ही भिंत खायला उठते, इथं काहीतरी लावायला हवं. मलाही पटलं. माझी पद्धत सरळ आहे, कापड कापायच्या आधी कागद कापायचा. आम्ही रद्दीचे कागद चिकटवून चित्रांच्या मापाचे तुकडे केले, भिंतीवर चिकटवले आणि दोन दिवस तसेच ठेवले. सोफ्यावरून बघ, दारातून बघ, स्वयंपाकघरातून मान काढून बघ. माझी नात भिंगरी, वय वर्षं आठ, तिनं प्रत्येक कागदावर एक मिशीवाला माणूस काढला. आम्ही सासू-सुना इतक्या हसलो त्या दिवशी. शेवटी ठरलं, होड्यांची तीन लहान चित्रं, एका ओळीत, मध्ये चार-चार बोटांची जागा.

ते कागद चिकटवताना मला ती भेग दिसली. सोफ्याच्या मागे, खालच्या कोपऱ्यातून निघून तिरपी वर गेलेली. केसाएवढी. जिथं संपत होती तिथं मी खडूनं बारीक रेघ मारली. उसवायला लागलेल्या शिवणीवर मी नेहमी मारते तशी, सवयच ती. मुलाला दाखवली तर म्हणाला, गिलावा सुकताना असं होतंच, लक्ष देऊ नकोस.

आणि दुसऱ्या दिवशी होड्या रद्द झाल्या. एकच मोठं चित्र लावायचं, तो म्हणाला, चार फुटांचं, आणि खाली लावायचं. सुनेनं समजावून पाहिलं, चित्र डोळ्यांच्या उंचीवर हवं, सोफ्याच्या पाठीला टेकवून कोणी लावतं का? पण घरात शेवटचा शब्द त्याचा. फ्रेमवाल्याकडून एक जंगल आलं घरात, हिरवंगार, आणि इतकं खाली लागलं की मागे टेकून बसणाऱ्याचं डोकं फ्रेमवर आपटायचं. पाहुणे चेष्टा करायचे, तुमच्याकडे झाडाखाली बसायचं का म्हणून. मुलगाही हसायचा. पण त्याचं हसू ओठांवरच असायचं.

तीन आठवड्यांत भेग जंगलाच्या उजव्या कडेतून बाहेर आली.

मी सोफा ओढून मागे बघितलं. माझी खडूची रेघ हातभर मागे राहिली होती. आता एक सांगते. विरलेल्या कापडाला ठिगळ लावलं, की ते ठिगळाच्या कडेनं फाटतं. अजून मोठं ठिगळ लावलं, तर अजून पुढे जाऊन फाटतं. कापडच गेलेलं असलं की ठिगळानं काही होत नाही, हे मी नव्या पोरींना पहिल्या आठवड्यात शिकवायची.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं पुन्हा फ्रेमवाल्याकडे गेलो. दुकान बाजारातच, आत लाकडाच्या भुशाचा आणि गोंदाचा वास. फ्रेमवाल्यानं मुलाला विचारलं, कसलं चित्र दाखवू. तो म्हणाला, कसलंही चालेल, साडेसहा फूट हवं. सून एकेक चित्र बघत होती, घोडे, समुद्र, नुसतेच निळे-करडे फटकारे मारलेलं काहीतरी. हा मात्र चित्रांकडे पाठ करून उभा. हातात टेप, आणि नजर जमिनीवर. सुनेनं समुद्र निवडला. त्यानं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

तेव्हा मला कळलं. चित्र भिंतीसाठी नव्हतं, भेगेसाठी होतं.

परतताना मी विचारलं. तो चिडला, म्हणाला, तुला त्यातलं काही कळत नाही. खरंच आहे, सिमेंटमधलं मला काय कळतं. पण माणूस कळतो. आणि हा पोट आत ओढून उभा होता. तरी मी गप्प बसले. आपलेच दात, आपलेच ओठ, कोणाकडे जाऊन बोंबलायचं? मला भीती वाटत होतीच, पण त्याहून जास्त लाज वाटत होती. भेटेल त्याला सांगत सुटले होते ना.

समुद्र लागला. भेग झाकली गेली. मग न्हाणीघराचं दार चौकटीत अडकायला लागलं. सुतार आला, त्यानं दार तासून दिलं, आठ दिवसांनी ते पुन्हा अडकलं. भर दुपारी भिंतीतून आवाज यायचा. फार मोठा नाही, दातानं दोरा तोडल्यासारखा. यायचा, आणि मग तासन्‌तास काही नाही. मी वाट बघत बसायची, पुढचा कधी येतोय म्हणून. भिंगरी त्या सोफ्यावर पालथी पडून अभ्यास करायची. मी तिला स्वयंपाकघरातल्या टेबलावर हलवलं. का, तर उजेड चांगला आहे म्हणून. खोटं बोलायला मीही शिकले होते.

मग एका बुधवारी मुलानं सुनेला आणि भिंगरीला माहेरी पाठवलं. पंधरा दिवस राहून या, तुझ्या आईला बरं वाटेल. सून गोंधळली. तिची आई ठणठणीत, रोज चार मैल चालणारी बाई. शाळा बुडते ती वेगळीच. पण त्यानं तिकिटं काढलेली होती, बॅगही स्वतः भरली. भिंगरीची हिवाळ्यातली स्वेटरं भरली त्यानं, आणि दिवस होते उन्हाळ्याचे. तो स्वतः दुसऱ्या साइटवर मुक्कामाला गेला, काम फार आहे म्हणाला. मी म्हटलं, मग मीही जाते धाकट्या बहिणीकडे. तर म्हणाला, घरात कोणीतरी हवं, फ्रेमवाला माप घ्यायला येणार आहे. समुद्र पुरत नव्हता.

फ्रेमवाला शुक्रवारी सकाळी आला. भला माणूस, बोलका. टेपचं एक टोक मी धरलं, एक त्यानं. समुद्राच्या वरच्या कडेला भेग आता दोरीएवढी होती आणि छताकडे निघाली होती. त्यानं तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही. आकडा लिहून घेता घेता म्हणाला, या बिल्डिंगला मोठ्या चित्रांची भारीच हौस आहे हो मावशी. मी विचारलं, म्हणजे? म्हणाला, पहिल्या मजल्यावर गेल्या वर्षी दिलं, मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. सगळी याच भिंतीवर. साहेबांनीच, म्हणजे तुमच्या चिरंजीवांनीच, पाठवलं सगळ्यांना माझ्याकडे. पहिल्या मजल्याचं तर आता दुसरं चाललंय, अजून मोठं.

मी विचारलं, चित्र लावताना मागची भिंत तुम्ही बघता की नाही? त्यानं टेप गुंडाळून खिशात घातली. म्हणाला, साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, भिंतीविषयी बोलायचं नाही, आतलं काम ते बघून घेतील.

तो गेल्यावर मी पहिल्या मजल्यावर गेले. तिथली सून पाच महिन्यांची गरोदर, घरात तीच एकटी. मी म्हटलं, तुमचं चित्र जरा बघू का, आम्हालाही नवीन घ्यायचंय. डोंगरांचं चित्र होतं, अवजड. आम्ही दोघींनी खालची कड थोडी पुढे ओढली आणि मी मागे हात घातला. बोट आत गेलं. दुसऱ्या पेरापर्यंत. आतून थंड हवा लागत होती.

मी हात काढून घेतला. माझा चेहरा बघून ती पोर उलट मलाच धीर द्यायला लागली.

"साहेब म्हणाले नुसता गिलावा आहे. आणि त्यांची स्वतःची आई वर राहते की, मग आम्हाला कसली भीती?"

जिना कसा चढले ते मला आठवत नाही. वर आल्याआल्या मुलाला फोन लावला. इकडचं तिकडचं काही बोलले नाही. म्हटलं, पहिल्या मजल्यावर भिंतीत माझं बोट जातंय. मग बोलायला लागला तो थांबेना. खालच्या दुकानाचं शटर रुंद हवं होतं, म्हणून मालकानं मधला एक खांब काढायला लावला. यानं आधी नाही म्हटलं, मग हो म्हटलं, मग सही केली. आता मालक खालून लोखंडी टेकू द्यायला तयार झालाय, महिनाअखेरपर्यंत काम सुरू होईल. तोवर बोभाटा झाला तर नोकरी जाईल, लायसन्स जाईल, कदाचित तुरुंगही होईल. एवढे दिवस टिकेल ती, तो म्हणाला. टिकेल असं वाटतं, असं म्हणाला.

मी म्हटलं, मग मला इथून ने.

"आई, तू आहेस म्हणून लोक शांत आहेत. तूही निघालीस तर सगळे घाबरतील. थोडेच दिवस."

"भिंगरीला का पाठवलंस?"

रडत होता बहुतेक. लहानपणी रडायचा तेव्हाही असाच, आवाज न करता. मी त्याला बोलण्यासाठी पुष्कळ वेळ दिला. एकदा जरी म्हणाला असता ना, आई, चुकलं, निघ तिथून, तर मी पुढे काय केलं असतं देव जाणे. कदाचित त्याचं पाप पदरात घेऊन बसले असते. पण तो एवढंच म्हणाला, की फ्रेमवाल्याला घाई करायला सांग.

मी फोन ठेवला. रडले नाही असं सांगणार नाही. सिंकपाशी उभी राहून नळ सोडून रडले, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. बघा, तेव्हाही झाकपाकच चालली होती माझी. अडुसष्ट वर्षांची बाई, आणि पोटच्या पोरानं मला भिंतीला लावून ठेवलं होतं.

मग बॅग काढली. दोन साड्या, औषधं, चष्मा. घराला कुलूप लावलं आणि समोरच्या दाराची बेल वाजवली. तिथले आजोबा बाहेर आले, माझ्या हातातली बॅग बघून म्हणाले, गावाला का? मी एकच वाक्य बोलले, आणि तेच मग प्रत्येक दारात बोलत गेले.

"माझ्या मुलानं त्याची बायको आणि मुलगी आधीच हलवली, आता मीही चाललेय, तुम्हीही आत्ता निघा."

कोणाला वाटलं, मला वेड लागलंय. तिसऱ्या मजल्यावरचा एक जण तर हसला. मी त्याला म्हटलं, तुमचं घोड्यांचं चित्र खाली उतरवा आणि मग हसा. दोन मिनिटांत तो पायांत चप्पल न घालता, कडेवर पोर घेऊन माझ्या मागे आला. दुसऱ्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेल्या बाई राहतात, शिस्तीच्या. त्यांनी काही विचारलं नाही. गॅस बंद केला, कागदपत्रांची पिशवी घेतली आणि जिन्यात उभ्या राहून बाकीच्यांना हाका मारायला लागल्या. पहिल्या मजल्यावरच्या त्या गरोदर पोरीचा हात मी स्वतः धरला. ती जिन्यात एकसारखी विचारत होती, पण साहेब तर म्हणाले होते ना?

अकराच्या सुमाराला आम्ही सगळे समोरच्या फुटपाथवर उभे होतो. फर्निचरच्या दुकानातली माणसंही बाहेर आली, शटर रुंदच्या रुंद उघडं टाकून. इमारत होती तशीच होती. बाहेरून बघितलं तर काही दिसत नव्हतं. तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत कोणाचे तरी कपडे वाळत होते. माझा फोन पर्समध्ये सारखा वाजत होता. कोणाचा ते बघायची गरज नव्हती.

बँकेतल्या बाईंनी महापालिकेला फोन केला. तिकडून सांगितलं, माणसं पाठवतो, पण लेखी तक्रार तयार ठेवा. त्यांनी पिशवीतून कोरा कागद काढला, एका स्कूटरच्या सीटवर ठेवला आणि लिहायला सुरुवात केली. इमारतीचा पत्ता, मजले, घरं, माणसं किती. मालकाचं नाव दुकानातल्या माणसानं सांगितलं. मग त्यांचं पेन थांबलं.

"इंजिनिअरचं नाव काय लिहू?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. इतकी वर्षं सगळे त्याला साहेबच म्हणायचे, पूर्ण नाव कोणालाच माहीत नव्हतं. मग एकेक करून सगळे माझ्याकडे बघायला लागले. ती गरोदर पोरसुद्धा.

पहिलं नाव मी ठेवलेलं होतं. मधलं त्याच्या वडिलांचं. मी दोन्ही सावकाश सांगितली, आडनावासकट, आणि बाईंनी लिहिलेलं एकदा वाचून घेतलं.